पायी लिहिलेले अरण्य आणि सोलापूरचा माळ

मराठीतले अरण्यलेखन हे पायी चालणाऱ्यांचे लेखन आहे, ही गोष्ट इतकी उघड आहे की समीक्षेला तिच्याकडे वळून पाहण्याची गरजच वाटली नसावी. मारुती चितमपल्ली, व्यंकटेश माडगूळकर आणि त्यांच्यानंतर नागझिऱ्यात चारशे दिवस राहिलेले किरण पुरंदरे यांची पुस्तके आपण ‘निसर्गपर ललित गद्य’ या खणात ठेवून दिली आहेत. त्या खणाला आपण लावलेल्या चिठ्ठीवर ‘काव्यात्मता’, ‘संवेदनशीलता’, ‘चित्रदर्शी शैली’ असे तीन-चार शब्द असतात, आणि पदवीच्या उत्तरपत्रिकांत ते थोड्याफार फरकाने उतरतात. हे शब्द खोटे नाहीत. पण जे विशेषण कोणत्याही चांगल्या ललित लेखाला लागू पडते, त्याने या विशिष्ट गद्याविषयी काहीच सांगितल्यासारखे होत नाही. हे गद्य असे का झाले, त्याची वाक्ये अशीच का चालतात, त्यात घडते फार थोडे आणि दिसते फार, हे कशामुळे, या प्रश्नांचे उत्तर शैलीच्या परिभाषेत मिळणार नाही. ते लेखकाच्या पायांत शोधावे लागेल, असे आमचे मत आहे. आणि हे मत आम्ही सोलापुरात बसून मांडतो आहोत, यालाही कारण आहे.

चितमपल्ली मूळचे सोलापूरचे. ५ नोव्हेंबर १९३२ रोजी त्यांचा जन्म येथे झाला. २००६ साली याच शहरात भरलेल्या एकोणऐंशीव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. आयुष्याच्या शेवटी ते येथेच परतले आणि पद्मश्री मिळाल्याच्या वर्षी, १८ जून २०२५ रोजी, सोलापुरातच त्यांचे निधन झाले. पण त्यांच्या लेखनातले अरण्य विदर्भातले आहे: नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट. वनखात्यातल्या तीन तपांच्या नोकरीत त्यांनी जे रान तुडवले, ते हौस म्हणून नव्हे. वनाधिकाऱ्याला हद्दी तपासाव्या लागतात, कूप पाहावे लागते, वणव्यामागे धावावे लागते, पाणवठ्यांची नोंद ठेवावी लागते. चालणे हा त्यांच्या कामाचा भाग होता, आणि लेखन त्या कामाच्या कडेने उगवले. शेताच्या बांधावर उगवलेल्या झाडाला जसे शेताचेच पाणी लागते, तसे त्या लेखनाला फिरस्तीच्या दिनक्रमाचे पाणी लागलेले आहे. त्यांच्या लेखांत पहाट, दुपार आणि सांज यांना जे महत्त्व आहे ते कवीच्या प्रहरांचे नाही. पहाटे निघायचे, उन्हे चढली की पाण्याच्या आसऱ्याला थांबायचे, दिवेलागणीच्या आत मुक्कामाला पोचायचे, असे ते चालणाऱ्याचे वेळापत्रक आहे.

चालणाऱ्याला अरण्य कोणत्या क्रमाने कळते, हे लक्षात घेतले की या गद्याची रचना उलगडू लागते. आधी आवाज येतो. मग वास. मग जमिनीवरची खूण: माग, विष्ठा, ओरखडा, गळालेले पीस. प्राणी सर्वांत शेवटी येतो, आणि पुष्कळदा येतच नाही. म्हणून या लेखांत प्राणी न दिसण्याला अपयशाचा रंग नाही. न दिसलेले जनावर त्याच्या मागांवरून, त्याच्यामुळे ओरडलेल्या वानरावरून, एकाएकी थांबलेल्या पाखरांवरून पुरेसे हजर असते. वाक्यही त्याच क्रमाने जाते. कर्ता उशिरा येतो. माडगूळकरांची आखूड वाक्ये आपण त्यांच्या कथेतल्या शैलीचा विस्तार म्हणून वाचतो, आणि ते खरेही आहे. पण ‘नागझिरा’ पुन्हा एकदा वाचून पाहावे. ती वाक्ये थबकणाऱ्या माणसाची आहेत. पाऊल टाकले, थांबला, ऐकले, पुन्हा पाऊल. माडगूळकर रेखाटने करत, आणि रेखाटन करणाऱ्याला एका जागी बसून राहावे लागते, हेही त्या पुस्तकाच्या गतीत मिसळले आहे.

याच्या शेजारी आजचे सफारीवृत्त ठेवून पाहावे. दिवाळी अंकांतून, वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून, आता समाजमाध्यमांतूनही ते पुष्कळ वाचायला मिळते. त्याचा आकार ठरलेला असतो: प्रवेशद्वार उघडण्याची वेळ, उघडी जीप, चालकाचा अनुभव, दोन निष्फळ फेऱ्या, तिसऱ्या फेरीत वाघ, आणि वाघाच्या डोळ्यांत डोळे घातल्याचा क्षण. हे लेखक मुद्दाम वाईट लिहितात असे नाही. वाहनातून जाणाऱ्याला थांबण्याचा अधिकार नसतो. तो चालकाला असतो, आणि चालकाचा अधिकार पुढच्या गाडीवरून आलेल्या बातमीला बांधलेला असतो. जे दिसते ते रस्त्याच्या दोन्ही अंगांना, कमरेच्या वरच्या उंचीवर. वारूळ, शेणकिडा, गवताच्या मुळाशी लपलेले अंडे हे वाहनातून दिसतच नाही. असे पाहणे ज्याच्या वाट्याला आले, त्याच्या गद्यात कळसाचा एक क्षण आणि त्याभोवती मोकळी जागा यांखेरीज काय उरणार? अरण्यलेखनाचा ऱ्हास झाला अशी तक्रार आपण करतो तेव्हा प्रतिभेचा प्रश्न काढतो. आधी वाहनाचा काढायला हवा.

पायांइतकेच महत्त्व या लेखनात नावेला आहे, आणि त्याकडे तर मुळीच लक्ष गेलेले नाही. नवेगावबांधचा तलाव नैसर्गिक नव्हे. कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात तो बांधून घेतला असे परंपरा सांगते. तलाव बांधून भातशेतीला पाणी देण्यात निष्णात असलेल्या कोहळी समाजाची ती करणी. सुमारे ११ चौरस किलोमीटर पाणी, भोवती टेकड्या आणि रान. १९७५ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. या पाण्यावर ढीवरांचे डोंगे चालत, आणि चितमपल्लींचे पाणपक्ष्यांवरचे पुष्कळसे निरीक्षण पाण्याशी जोडलेले आहे. डोंग्यातले पाहणे पायी पाहण्यापेक्षा वेगळे असते. पाय वाजतात, डोंगा जवळजवळ वाजत नाही. काठावरून चालत येणाऱ्या माणसाला पाहून उडणारा पक्षी पाण्यावरून सरकत येणाऱ्या डोंग्याला पुष्कळ जवळ येऊ देतो. शिवाय डोंग्यात दोन माणसे असतात, एक पाहणारा आणि एक वल्हवणारा, आणि वल्हवणाऱ्याला पाहणाऱ्यापेक्षा अधिक माहीत असते. चितमपल्लींच्या लेखनाला संवादाचे जे अंग आहे, त्यात माधवराव पाटलांसारखा जाणता गावकरी, ढीवर, गोंड वाटाडे सतत बोलत राहतात, ते या स्थितीतून आले आहे. लेखक तेथे अधिकारी असूनही विद्यार्थ्याच्या जागी बसलेला असतो. ‘सारंगागार’, ‘काकागार’ असे त्यांच्यामुळे मराठीत रुळलेले शब्द आपण शब्दकळेचे नमुने म्हणून उद्धृत करतो. पण शेकडो घरट्यांनी लगडलेले झाड पाण्याच्या बाजूने पाहिल्यावर त्याला एक नाव असावे असे वाटणे, ही त्या शब्दामागची निकड आहे. त्यांचा ‘पक्षीकोश’ आम्ही साहित्यकृतीइतकाच महत्त्वाचा मानतो, तो याच कारणाने.

येथे माडगूळकरांकडे परत जाणे भाग आहे, कारण त्यांच्या बाबतीत आपल्या वर्गवारीने एक विचित्र गोष्ट केली आहे. ‘बनगरवाडी’ (१९५५) ग्रामीण कादंबरी आणि ‘नागझिरा’ निसर्गलेखन. एक पुस्तक एका प्रश्नपत्रिकेत, दुसरे दुसऱ्या. वास्तविक ‘बनगरवाडी’ची सुरुवातच माळावरून पायी जाणाऱ्या मास्तराने होते. त्या कादंबरीत मेंढरे आहेत, लांडगे आहेत, गवत आहे, पाऊस आहे आणि पावसाचे न येणे आहे. आणि गवत संपल्यावर वाडी उठते. माणसाच्या वस्तीचे गवतावर इतके थेट अवलंबून असणे मराठीत क्वचितच कुणी दाखवले असेल. तरीही तिला निसर्गलेखन म्हणण्याचे आपल्या मनात येत नाही. का? आमच्या मते कारण साधे आहे: तेथे झाडे नाहीत. निसर्ग म्हणजे हिरवे, अरण्य म्हणजे दाट, आणि माणदेशासारखा उघडा मुलूख म्हणजे पार्श्वभूमी, दुष्काळाचे नेपथ्य, अशी आपली एक अभिरुची घडून बसली आहे. कोकणच्या हिरवाईला, सह्याद्रीच्या धुक्याला जी साहित्यिक प्रतिष्ठा आहे, ती सांगोल्या-आटपाडीच्या माळाला नाही.

या अभिरुचीचे परिणाम केवळ पुस्तकांपुरते राहात नाहीत. शासनाच्या दफ्तरातही गवताळ माळ बहुधा ‘पडीक’ या सदरात मोडतो. पडीक जमिनीचे काहीतरी ‘केले’ पाहिजे असा त्या शब्दाचाच आग्रह असतो, आणि ते काहीतरी म्हणजे बहुधा झाडे लावणे. सोलापूर शहरापासून बार्शी रस्त्याने वीस-बावीस किलोमीटरवर नान्नजचा माळ आहे. अवर्षणप्रवण क्षेत्राच्या योजनांत तेथे गिरिपुष्पासारखी झाडे लावली गेली. ज्या पक्ष्यासाठी तो माळ राखून ठेवला, त्या माळढोकाला दूरवर नजर जाईल असे उघडे गवत लागते. दाट झाडीत तो वावरत नाही. पुढे तीच झाडे काढण्याची वेळ वनखात्यावर आली. वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखाचे गवत हेच अरण्य आहे, हे समजायला इतका वळसा घ्यावा लागला. समीक्षेला तो अजून घ्यायचा आहे.

नान्नजची हकीकत मराठीच्या विद्यार्थ्याला माहीत असायला हवी, म्हणून थोडक्यात सांगतो. येथले माळढोक १९७०च्या दशकात अभ्यासकांच्या नजरेत आले आणि १९७९ साली अभयारण्य घोषित झाले. कागदावर त्याचे क्षेत्र होते ८,४९६ चौरस किलोमीटर. सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर, या दोन जिल्ह्यांतली गावे, शेते, रस्ते, बाजारपेठा असे सगळेच त्यात आले. जमिनीचे व्यवहार अडले, बांधकामे अडली, आणि ज्या पक्ष्याला शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या आपल्या ज्वारी-हरभऱ्याच्या कडेला वावरू दिले होते, तो त्याला नकोसा झाला. २०१२च्या सुमारास हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोवर पक्षी पुष्कळ कमी झाले होते. २०११ साली जागतिक यादीत माळढोक ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला. आता भारतात दीडशेच्या आतबाहेर उरले असावेत असा अंदाज दिला जातो, आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात, जैसलमेरच्या बाजूला. नान्नजला अलीकडच्या वर्षांत एखादा-दुसरा पक्षी दिसला तर त्याची बातमी होते. सालिम अलींनी राष्ट्रीय पक्षी म्हणून ज्याचे नाव पुढे केले होते, त्याची ही गत. मोराला तो मान १९६३ साली मिळाला, आणि आम्हांला मोराविषयी काही आकस नाही. पण मोराला कवितेत आधीपासून जागा होती आणि माळढोकाला नव्हती, एवढे मात्र नोंदवून ठेवावेसे वाटते.

सोलापुरात चितमपल्ली शिकवताना अडचण उभी राहते ती येथे. वर्गात नवेगावबांधवरचा लेख सुरू असतो, आणि कुणीतरी हमखास म्हणते, “सर, आपल्याकडे कुठे जंगल आहे?” या प्रश्नात निराशा असते आणि थोडी सुटकाही, म्हणजे हे सगळे दूरचे आहे, परीक्षेपुरते आहे. विद्यार्थी स्वतः माळावरून एसटीने येतो. घरी मेंढरे असतात. मारवेल, पवन्या, कुसळी, कुंदा ही गवतांची नावे त्याच्या आजीला पाठ असतात. पण हे ज्ञान साहित्याच्या वर्गात चालणारे नाणे आहे, असे त्याला कुणी सांगितलेले नसते. उलट पाठ्यपुस्तकातल्या अरण्याने त्याच्या माळाला आणखी ओसाड करून टाकलेले असते. चितमपल्लींसारख्या लेखकाच्या बाबतीत असे व्हावे, हे विशेष खटकते, कारण त्यांचे सगळे लेखन जवळ आहे ते नावाने ओळखा असेच सांगणारे आहे.

म्हणून आम्ही गेली काही वर्षे विद्यार्थ्यांना नान्नजला नेतो. रीतसर परवानगी काढून, वनमजुराला बरोबर घेऊन, ठरलेल्या वाटेने, पायी. पहिला अर्धा तास बहुतेकांना काहीच दिसत नाही. माळ सपाट असतो आणि डोळ्यांना उभे काहीतरी हवे असते. मग कुणाला तरी पायाशी पळणारा धाविक दिसतो. तो थांबला की मातीत मिसळतो, पळाला की पुन्हा दिसतो. मग पखुर्ड्या. मग एक लहानसा चंडोल हवेत उंच जातो, पंख मिटून कोसळतो, पुन्हा सावरून वर चढतो, आणि त्याला डोंबारी का म्हणतात ते सांगावे लागत नाही. हिवाळा असेल तर मध्य आशियातून आलेले भोवत्ये गवतावर अगदी खालून, जणू काही हरवलेले शोधत असावेत तसे फिरत असतात. काळविटांचा कळप दूर उभा असतो आणि आपण थांबलो की तोही आपल्याकडे पाहत थांबतो. लांडग्याचा माग वनमजूर दाखवतो. लांडगा दिसत नाही. परतीच्या वाटेवर एका विद्यार्थिनीने ‘बनगरवाडी’तला लांडगा आणि हा एकच का, असे विचारले होते. वर्गात तीन वर्षे घालवून जो प्रश्न आम्ही उभा करू शकलो नव्हतो, तो दोन तासांच्या चालण्याने उभा केला. ग्रामीण आणि निसर्गपर हे दोन खण त्या क्षणी एका खणात आले होते.

पाण्याचे अंगही सोलापूरला आहे. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि करमाळ्यापासून इंदापूरपर्यंत पाणी पसरले. हिवाळ्यात तेथे रोहित पक्षी येतात, पट्टकादंब येतात, चित्रबलाक आणि सुरय असतात. भिगवण-कुंभारगावच्या बाजूने भोई होडीतून पाहुण्यांना नेतात. हे राष्ट्रीय उद्यान नाही आणि अरण्यही नाही. पाण्याखाली गावे आहेत. पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते. पण नवेगावबांध तरी काय होते? माणसाने शेतीसाठी अडवलेले पाणी, आणि मागाहून त्याच्यावर उतरलेले पक्षी. फरक एवढाच की कोहळ्यांच्या तलावाला तीनशे वर्षांची सावली मिळाली आहे आणि उजनीच्या विस्थापितांच्या आठवणी अजून ओल्या आहेत. होडी चालवणाऱ्या वयस्क भोयाशी बोलताना पक्ष्यांची गोष्ट निघता निघता गावाची निघते. कोणते शेत कोठे होते हे तो पाण्याकडे बोट करून सांगतो. चितमपल्ली वाचलेल्या विद्यार्थ्याने हे ऐकावे असे आम्हांला वाटते, कारण त्यांच्या नवेगावच्या लेखनात पाण्याखालचा हा थर नाही. असण्याचे कारणही नव्हते. पण पुढच्या लेखकाला तो टाळता येणार नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. अरण्यात पायी जाणे धोक्याचे आहे आणि अरण्यालाही त्याचा त्रास होतो. नवेगाव आणि नागझिरा मिळून डिसेंबर २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. त्याआधी २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातील पर्यटन काही काळ थांबवले होते आणि नंतर मार्गदर्शक तत्त्वांसह त्याला मर्यादित मुभा मिळाली. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात पायी पाहणी करत असलेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. वनरक्षक आणि वनमजूर आजही रोज पायी हिंडतात, आपल्या सफारीच्या गाड्या ज्यांच्या जिवावर सुरक्षित फिरतात ते हेच लोक. त्यांच्या चालण्याला रम्य साहित्यिक कृती समजणे हा उद्धटपणा होईल. गाभ्यात साहित्याच्या विद्यार्थ्यांचे तांडे सोडावेत असे आम्ही मुळीच म्हणत नाही. वाघाच्या रानात पायी लिहिण्याचा काळ बहुधा संपला, आणि तो संपणे रानाच्या दृष्टीने बरेच झाले असेल. मात्र सगळीकडे तो संपलेला नाही. केरळातल्या पेरियारमध्ये १८९५ साली बांधलेल्या धरणाच्या पाण्यावर नौका चालते, आणि पूर्वी जे चोरटी शिकार करत त्यांतल्याच काहींना वाटाडे करून लहान लहान गटांना पायी नेण्याची पद्धत तेथे रुजली. आपल्याकडेही कोयनेच्या पाण्यावरून बामणोलीहून होडीने जाऊन, परवानगीने, वासोट्याचे रान चढणारे पुष्कळ आहेत. त्यांतल्या किती जणांनी चांगले गद्य लिहिले हा वेगळा प्रश्न. आणि माळावर वाघ नसतो. तेथे चालण्याला फक्त ऊन आडवे येते.

दुसरा आक्षेप आमच्याच मनातला आहे. चितमपल्लींना इतके प्रमाण मानावे का? त्यांच्या गद्यात स्वतः पाहिलेले, वाटाड्याकडून ऐकलेले आणि संस्कृत ग्रंथांत वाचलेले असे तिन्ही एकाच पातळीवर, एकाच विश्वासाच्या सुरात येते. हंसदेवाच्या ‘मृगपक्षीशास्त्रा’चा मराठी अनुवाद त्यांनी केला, त्या परंपरेविषयीचा आदर त्यांच्या निरीक्षणात झिरपला आहे. कधी यातून मोठे सौंदर्य निर्माण होते, तर कधी वाचक गोंधळतो: हे पाहिले की ऐकले? त्यांच्या चाहत्यांनी हा प्रश्न विचारणे टाळले आणि विज्ञाननिष्ठ वाचकांनी तो विचारून त्यांना बाजूला ठेवले. दोन्ही पवित्रे आळशी आहेत. ऐकीव गोष्ट ही ज्ञानाची एक जात आहे, तिला तिचे स्थान आहे. पण ते स्थान ओळखण्यासाठी वाचकाला पाहणे आणि ऐकणे यांतला फरक स्वतःच्या अनुभवाने माहीत हवा. तो वर्गात बसून येत नाही.

म्हणून नान्नजला जाताना आम्ही विद्यार्थ्यांच्या वहीत तीन रकाने पाडून घेतो: पाहिलेले, स्वतःच्या कानांनी ऐकलेले, आणि कुणी सांगितलेले. भ्रमणध्वनी पिशवीत. छायाचित्रे नाहीत. परत आल्यावर चितमपल्लींचा एखादा लेख घेऊन त्याचेही तसेच तीन रकाने करायचे. अभ्यासक्रमात यासाठी गुण नाहीत. असावेत अशी सूचना आम्ही करून ठेवली आहे. ललित गद्याच्या पेपरात ‘निसर्गवर्णनाची वैशिष्ट्ये’ लिहिण्याऐवजी विद्यार्थ्याने एका लेखाचे असे पृथक्करण केले, तर परीक्षकालाही वाचायला काही नवे मिळेल. अर्थात आमच्या सूचनेला बैठकीत ‘क्षेत्रभेट ही भूगोलाची बाब आहे’ असे उत्तर आले, हेही सांगितले पाहिजे.

गेल्या खेपेच्या वह्या आमच्याकडे आहेत. पहिल्या रकान्यात धाविक, टिटवी, काळवीट, खोकडाचे बीळ. दुसऱ्यात चंडोल, वारा, लांब कुठेतरी ट्रॅक्टर. माळढोक सर्वांच्याच वहीत तिसऱ्या रकान्यात आहे. नर विणीच्या दिवसांत गळ्याची पिशवी फुगवून घुमतो, आणि त्या आवाजावरून त्याला ‘हूम’ असेही म्हणतात, हे वनमजुराने सांगितले. कुणीतरी आवाज कसा ते विचारले. त्याने दोन्ही तळवे तोंडाशी धरून तो काढून दाखवला. एका मुलाने हा आवाज आधी दुसऱ्या रकान्यात लिहिला, मग खोडून तिसऱ्यात घेतला.